मोठ्या आवाजातला रेडिओ

ती घटना विसरावी असे मला कधी वाटले नाही, कारण तिच्यात माझी स्वतःची चूक आहे. सत्तरचे दशक संपत आले होते. एका दुपारी चिखलीकडचा एक कामगार धापा टाकत माझ्या पोलीस ठाण्यात आला. "साहेब, वहिनीनं माझ्या भावाला झोपेत ठार मारलं!"

भाऊ कंपनीत टर्नर. पहिली शिफ्ट करून घरी आला होता. चाळीतल्या खोलीत तो दाराशी पडलेला, डोक्यावर वरवंट्याचा एकच घाव. बायको भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही मुलींना शेजारच्या आजींनी आपल्या घरात नेले होते. पंचनामा झाला, वरवंटा जप्त झाला, तिला अटक झाली.

चौकशीत तिचे एकच म्हणणे. "मीच मारलं. पोरींना माझ्या आईकडं धाडा."

आरोपी आपणहून कबूल झाला की तपास अधिकारी सुस्तावतो. मीही कागद आवरायला घेतले होते. पण झोपेतला माणूस दाराशी कसा? आणि त्याच्या मुठीला पंच्याचे टोक गुंडाळलेले का? डोक्यातला किडा काही जाईना. दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन आजींना गाठले.

"त्यो रेडिओ मोठा करायचा," आजी म्हणाल्या. "मोठा झाला की आमी समजायचो, आता मारनार. तिचं वरडनं ऐकू येऊ न्हाई म्हून. काल बी केलता."

"पण मी आलो तेव्हा रेडिओ बंद होता."

आजींनी हवालदाराकडे बोट केले. "ह्यांनीच केला की बंद, तुमच्या आदी येऊन."

हवालदार चाचरला. "कान किटले होते, साहेब." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पुन्हा पंच बोलावले, त्याचा जबाब घेतला आणि रेडिओ जप्त केला.

मग आजींना शेजारी बसवून तिला पुन्हा विचारले, "पंचा कशाला घेतला होता त्याने?"

तिने बोटांवर मोजून सांगितले. "आधी कडी, मग रेडिओ, मग पंचा. मागच्या बारीला पंच्यानं गळा आवळला. शुद्धीवर आले तवा थोरली तोंडावर पानी मारत हुती. तुमच्याकडं आले हुते की, साहेब. तुमीच लिवून घेतलं."

अदखलपात्र गुन्ह्यांचे रजिस्टर उघडले. अक्षर माझेच. 'पतीने गळा आवळल्याची तक्रार. घरगुती वाद. समज दिली.' नवऱ्याला दम भरायचा आणि बायकोला त्याच्याच मागे घरी धाडायचे, हीच आमची रीत.

वरिष्ठ म्हणाले, "ही नोंद जोडू नका. आपलीच लाज निघेल." मी जोडली. जिवाची वाजवी भीती असेल तर घाव अंगावर पडेपर्यंत थांबा, असे कायदा सांगत नाही. ती भीती वाजवी होती हे दाखवणारा पुरावा माझ्याच कपाटात होता. तो दडवला असता तर तिला जन्मठेप झाली असती, आणि मुलींना आई उरली नसती.

कोर्टात तिच्या वकिलाने मला सोलून काढले. "ती पहिल्यांदा आली तेव्हा आपण काय केलंत?"

"समज दिली. चुकलो."

कडी, रेडिओ आणि पंचा यांचा अर्थ त्या घरात एकच होता, असे न्यायाधीशांनी मानले. आत्मसंरक्षणाच्या हक्काखाली ती निर्दोष सुटली. तेव्हापासून माझ्या ठाण्यात गळ्याला हात लागल्याची तक्रार आली, की आधी डॉक्टरचा दाखला आणि मग बाकीचे बोलणे.

पुढे मुद्देमाल परत न्यायला ती मुलींसह आली. एका वर्कशॉपमध्ये कामाला लागली होती. रेडिओ नेणार नाही असे मला वाटले होते. तिने व्हरांड्यात बसून नवे सेल घातले. धाकटीने बटण फिरवले आणि गाण्याने ठाणे दणाणले. हवालदार आवाज कमी करायला उठला, मग माझ्याकडे पाहून गुपचूप खाली बसला.