काकूंनी वळवलेला रस्ता

आधी काकूंचं सांगते, मग त्या रविवारचं. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांचं माहेर कळमेश्वरचं, भाची धापेवाड्याला, बहीण पाटणसावंगीला. नववीत शाळा सुटली आणि मी कोकणातून नागपूरला आले, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला बसले. सायकलही इथेच शिकले, काकूंच्या अंगणात, त्यांच्या मुलीची जुनी घेऊन. आमच्या गावी नुसते चढ नि उतार, तिथे सायकल कोण घेतंय.

कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघीही सायकलनेच येतात. एकदा डबा खाताना मीच बोलून गेले, की एखाद्या रविवारी लांब जाऊ, दिवसभर. दोघींनी लगेच उचलून धरलं आणि माझी झोप उडाली. कारण एकीच्या सासूने परवानगी देताना मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "दिवेलागणीच्या आत सून घरात पायजे. नाही तं हे पहिलं आन शेवटचं." म्हणजे उशीर झाला तर तिची सायकल कारखान्यापुरतीच राहणार, तीही माझ्यामुळे.

मोबाइलच्या नकाशावर मी गोल रस्ता आखला. काटोल रोडने जुनापाणीची दगडांची वर्तुळं, मग कळमेश्वर, धापेवाड्याचं देऊळ, आदाशाचा गणपती आणि पाटणसावंगीवरून परत. जाताना ऊन पाठीवर, दुपारनंतर येतानाही बहुतेक पाठीवरच. हे आपल्याला सुचलं म्हणून मी खुशीत होते. काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांना दाखवलं.

"चांगलं हाय. आन लघवीले कुठं थांबसान?"

मी नकाशा बोटांनी मोठा करून पुन्हा पाहू लागले.

"देवळात गर्दी, धाब्यावर गडीमाणसं. तुम्ही तिघी बाया. नकाशात हे दाखवते का?"

मग त्यांनीच रस्ता वळवला. कळमेश्वरात त्यांच्या वहिनीच्या दारावरून, धापेवाड्यात भाचीकडे, शेवटी बहिणीकडे. "पाच मिनिटं थांबा, हातपाय धुवा, निघा. मी फोन करून ठेवते." माझा गोल वाकडा झाला, पण थांबायच्या जागा पक्क्या झाल्या.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. थंडी बघून मी जो रविवार धरला होता, तो संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधला. हळदीकुंकवाचे दिवस. या दिवसांत घरात शिरलेली बाई पाच मिनिटांत बाहेर पडत नाही.

जुनापाणीपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. झुडपांमध्ये गोल मांडलेले काळे दगड, फार जुन्या काळी माणसं पुरलेल्या जागा म्हणे. एक मैत्रीण म्हणाली, "एवढाले दगड कोणी आणले असतील वं?" दुसरी म्हणाली, "कोणाच्या तरी सुनाच असतील." तिथेच बसून खूप हसलो.

कळमेश्वरला वहिनींच्या दारात रांगोळी घातलेली. आत सतरंजी, हळदीकुंकू, तिळगूळ, उपमा, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. "माह्या नणदेच्या घरची माणसं तुम्ही, अशा कशा जासान?" धापेवाड्यात तेच, वर जेवण. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून मला वाणाऐवजी संत्री. पिशवी हँडलला लटकली आणि सायकल एका बाजूला ओढू लागली. मैत्रिणींच्या कॅरिअरवर वाट्या खणखणत होत्या. त्या दोघी मजेत होत्या. मी सारखी उन्हाकडे बघत होते.

आदाशाची टेकडी उतरलो तेव्हा सावल्या लांब झालेल्या. पाटणसावंगीला घरात गेलो तर अंधार नक्की. जाऊ नये, तर काकूंच्या बहिणीने सकाळपासून तयारी केलेली. मी काकूंना फोन लावला आणि सांगता सांगता रडायलाच लागले.

"रडून काहून राहिली वं? तू सायकल चालव. बाकी माह्यावर सोड."

पाटणसावंगीच्या फाट्यावर पोचलो, तर काकूंची बहीणच रस्त्याच्या कडेला उभी. हातात ताट, पदराने झाकलेलं. "माह्या घरी याले तुमचे पाय दुखते, म्हणून मीच आली," त्या म्हणाल्या. मग मागचं दुकान दाखवलं. "माह्या दिराचं हाय, आत बाथरूम हाय. आधी जाऊन या."

परत सायकलींवर बसलो. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, तशाच अवस्थेत त्यांनी आम्हाला कुंकू लावलं. बाजूने ट्रक जात होते. हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "वाण मात्र नाही देत. ते घ्याले घरीच या लागते."

नागपुरात शिरलो तेव्हा आकाश तांबूस होतं. आधी मैत्रिणीला घरी सोडलं, तर तिच्या सासूबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. हातात दिवा, अजून न लावलेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग कॅरिअरकडे. "फिराले गेल्या होत्या का भांडे घ्याले?" मग वात सारखी करत म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा लवकर निघत जा."

पुढच्या वेळी, असं म्हणाल्या त्या.

घरी आले तर काकू फाटकाशीच. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बहीण बारीक झाली का वं?" तेव्हा कळलं, गुडघे धरल्यापासून त्या तिकडे गेलेल्याच नाहीत. नेणारं कोणी नाही. आम्हाला दारोदार पोचवून त्या मात्र इथे फोनजवळ बसून होत्या.

सध्या मी कारखान्यातल्या एकीची स्कूटी चालवायला शिकते आहे. वळताना अजून भीती वाटते. पण काकू, एका संक्रांतीनंतर तुम्हाला मागे बसवून याच वाकड्या रस्त्याने बहिणीच्या दारात नेऊन सोडीन, आणि तुम्ही उठेपर्यंत निघू या म्हणणार नाही.