वैनींनी मोडलेला चकवा

वैनींच्या डब्यात घावणे दिसले, की ऑफिसात आम्ही समजून जायचो, कुणीतरी लिहिलेला संगणकाचा कोड गेला. नवं काही लिहून झालं म्हणून पेढे वाटणारे मी पुष्कळ पाहिलेत. लिहिलेलं पुसल्याच्या आनंदात लोकांना खाऊ घालणारी बाई मात्र ही एकच. घावण्यांसोबत नारळाचा रस असायचा आणि तो वाढता वाढता वैनी जाहीर करायच्या, "कालचं ता सगला काढून टाकलंय. कुनाला राग येवचा असंल तर आताच येऊदे, मग घावणे थंड व्हतील." ज्याचा कोड गेलेला असे त्याला एक घावणा जास्त मिळायचा. माझ्या वाट्याला असे जास्तीचे घावणे बरेच आले.

त्या माझ्या कुणी वैनी नव्हेत. मी सावर्ड्याची, त्या मिरकरवाड्याच्या. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं आमचं हे छोटंसं ऑफिस त्यांच्या धाकट्या दिरानं, सुरेशनं, रत्नागिरीत काढलं. मुंबईतली नोकरी सोडून आलेली आपली भावजय त्यानं सगळ्यांत आधी तिथं आणून बसवली. तो वैनी म्हणे, म्हणून आम्ही म्हणू लागलो. ईमेलचं खातं उघडतानाही या पठ्ठ्यानं नावाच्या जागी 'वैनी' असंच टाकलं. मग पुण्याचं मुख्य ऑफिसही वैनी म्हणू लागलं आणि आमचा कोड तपासणारे परदेशातले लोक 'डिअर वैनी' अशी पत्रं लिहू लागले. जगभर दीर असलेली बाई आमच्या ऑफिसात आहे, असं मी पाहुण्यांना सांगायची. वैनी डोळे वटारायच्या, पण नाव बदलून घ्यायचं काही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी संगणक चालत असतात. त्यांतला एखादा, चालू असतानाच, दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा. वापरणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. मी नवी लागले तेव्हा वैनींनी मला हे एका वाक्यात समजावलं होतं. "घर बदलायचा, पन चुलीवरचा भात उतरवायचा नाय." त्या संगणकाची स्मृती पानापानांनी पलीकडे पाठवायची असते. घोळ असा, की तो चालूच असल्यामुळे पाठवलेली पानं मागे पुन्हा बदलतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. काही पानं लहान, काही पुष्कळ तुकड्यांची मिळून एक मोठी, काही नुसतीच कोरी. ही सगळी पानं सांभाळणारा जो भाग होता, त्याला ऑफिसात 'चकवा' म्हणायचे.

रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या कोडमध्ये तसंच व्हायचं. लहान पानाची वाट वेगळी, मोठ्याची वेगळी, कोऱ्याची तिसरीच. तुकडे ठरल्या क्रमानंच येणार असं गृहीत धरलेलं आणि ते तसे आले नाहीत तर काय करायचं याच्या पळवाटा जागोजाग. वाचायला बसलं की तासाभरानं आपण सुरुवात केलेल्या ओळीवरच परत. त्यातून वाट काढू शकणारं माणूस एकच, ते म्हणजे वैनी. आणि का नसणार? चकवा त्यांनीच लिहिला होता, तरुणपणी, मोठ्या हौसेनं. त्याच्याबद्दल त्यांचं पुण्यात कौतुक झालं होतं. काही अडलं की पुण्याहून फोन यायचा, वैनी पदराला हात पुसत खुर्चीत बसायच्या आणि गाडं चालू व्हायचं. आमचं ऑफिस टिकलं होतं ते या फोनांच्या जोरावर, आणि हे सुरेशला पक्कं माहीत होतं.

वैनींचे यजमान तांडेल, स्वतःची मासेमारीची बोट चालवणारे. त्यांच्या बोटीचं इंजिन म्हातारं, ठिकठिकाणी तारेनं बांधलेलं. कुठं थाप मारायची, कुठं बोटानं दाबून धरायचं, हे फक्त त्यांनाच ठाऊक. "माज्याबिगर कुनाचा आयकत नाय," असं ते इंजिनाबद्दल लाडानं सांगत. एका वर्षी ऐन मोसमात त्यांना कावीळ झाली. बाकीच्या बोटी भरून येत होत्या आणि यांची बंदरात बांधलेली. खलाशी इंजिनाशी झटापट करून थकले आणि जाळ्यावर बसून राहिले. त्या दिवसांत वैनी ऑफिसात फार बोलत नसत. एकदा चहा पिताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गो, एकाच मानसाचा आयकनारा इंजिन चांगला म्हनायचा की बिघडलेला?" मी म्हटलं, बिघडलेलं. "मग माजा चकवा काय हाय?" असं विचारून त्यांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्या चकवा मोडायला बसल्या. सुरेशला कळलं तेव्हा तो तडक त्यांच्या टेबलापाशी आला. एरवी वैनींसमोर आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलला. "वैनी, ह्या कोडापायी पुणेवाले आपल्याला धरून हायत. तू तो सोपा केलंस तर उद्या तिकडचा कुनीपन चालवील. मग आपला आफिस कशाला ठेवतील? या पोरांनी काय करायचा?" आम्ही माना खाली घालून स्क्रीनकडे बघत होतो. त्याचं काही चूक नव्हतं. माझी खोली, माझा पगार, सावर्ड्याला आईजवळ दर रविवारी जाता येणं, सगळं त्या चकव्यावरच उभं होतं.

वैनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, उद्या मना कावीळ झाली तर?" आणि पुढं म्हणाल्या, "पोरांना काम येतंय म्हनून आफिस राहूदे. मना येतंय आनि पोरांना येत नाय म्हनून रव्हला, तर ता किती दिवस रव्हनार?" मग माझ्याकडे वळून, "तू हिकडं बस. मी सांगतंय, तू काढ." आणि त्यांचा स्वतःचा, कौतुक झालेला कोड त्यांनी माझ्या हातानं पुसायला सुरुवात केली.

पुसता पुसता वैनी एकेका पळवाटेची हकिकत सांगत. ही कशासाठी केली होती, तेव्हा किती हुशारी वाटली होती, आणि आता का नको. आपल्याच हुशारीवर इतकं मनापासून हसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी उरला तो एकच साधा नियम. मोठ्या पानाचे तुकडे कसेही येवोत, ते आधी बाजूला जुळवायचे. पान पुरं झालं की मगच जागेवर ठेवायचं. लहान पान म्हणजे एकाच तुकड्याचं पान. कोऱ्याचंही तेच. सगळ्यांची वाट एक. परदेशातल्या एका तपासणाऱ्यानं उत्तर पाठवलं, की हा भाग उघडायला मी आजवर घाबरायचो, आज वाचला आणि समजला. वैनींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दिवशी घावण्यांसोबत कोंबडीचा रस्साही होता.

मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी दापोलीला विद्यापीठात नोकरीला. वैनी रजा टाकून, पिशव्या भरून एसटीनं दापोलीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "काय लागला तर फोन करा." सुरेशचा चेहरा पडलेला होता.

आणि नेमकं तेव्हाच एक अवघड काम आलं. एका हॉस्पिटलच्या तपासण्यांचे अहवाल ज्या संगणकावर होते, त्याचा सर्व्हर अखेरच्या घटका मोजत होता. भर दिवसा, अहवाल न थांबवता तो आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा होता. पुण्याच्या लोकांनी फोन लावून विचारलं, "वैनी आहेत का?" सुरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाहीत. आम्ही आहोत."

पहिल्या प्रयत्नात हलवणं अर्ध्यावर अडकलं. संगणक जुन्या जागी चालू होता, पण पानं पलीकडे जाईनात. सुरेशनं खिशातून मोबाइल काढला, वैनींचा नंबरही लावायला घेतला. मी म्हटलं, "वाईच थांब." फाइल उघडली. पूर्वी अशा वेळी कुठं बघायचं हेच कळत नसे. आता तुकडे वाट बघत थांबतील अशी जागाच एक उरली होती. तिथं बघितलं, तर एक मोठं पान अपुरं बसलेलं. नव्या सर्व्हरवर मोठ्या पानाचा आकार वेगळा लावला होता, तुकडे जुळणार कुठून? तो सारखा केला आणि पुन्हा सुरू केलं. सगळी पानं पलीकडे गेली. हॉस्पिटलात कुणाला काही कळलं नाही. पुण्याच्या साहेबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पुढची कामंही तुमच्याकडेच पाठवतो." सुरेशनं सगळ्यांसाठी चहा मागवला.

चहा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की वैनींना कळवलंच नाही. फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हळूच प्रश्न आला, "मग मना फोन नाय केलात?"

मनात म्हटलं, दुखावल्या. ज्यांच्यावाचून इतकी वर्षं पान हललं नाही, त्यांना आम्ही विचारलंसुद्धा नाही. मी चाचरत म्हणाले, "वैनी, गरजच नाही पडली."

फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला, पण ओरडून. त्या लेकीला सांगत होत्या, "आयकलंस काय गो? मना इचारलानीपन नाय!" आणि पाठोपाठ त्यांचं ते मोठ्ठं हसू, आणि त्या हसण्यानं जागं होऊन रडायला लागलेलं बाळ.

वैनी नातवंडापाशी दापोलीलाच राहिल्या त्या राहिल्या. आता त्या फाइलीत कुठली ओळ कुणी लिहिली हे बघितलं, तर त्यांचं नाव क्वचित कुठंतरी सापडतं. पुसलेल्या ओळींवर कुणाचंच नाव लागत नाही. ऑफिस आहे, पूर्वीपेक्षा मोठं आहे. काल मी माझाच एक जुना, फार आवडता कोड काढून टाकला. आज सकाळी घावणे करून डबा भरलाय.