चंद्रभान मिस्त्रीचा कान

गंगाखेडात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंद्रभान मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. विहिरीवरची आईल इंजिनं, ट्रॅक्टर, कुणाची जीप, येईल ते तो दुरुस्त करी. त्याचं सगळं नाव कानावर होतं. लांब पेचकसाचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. दुखणं कुठं आहे ते मिस्त्री न खोलताच सांगे आणि खोलल्यावर ते तिथंच निघे. याचा त्याला भारी गर्व होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास ऊस बागायतदार आबासाहेबांनी मुंबईच्या लिलावातून एक परदेशी मोटार आणली. पेट्रोलची, आणि टर्बोची. टर्बो हा शब्द तोवर इकडं कुणी ऐकलेला नव्हता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक इवलासा पंखा फिरतो, त्याच्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढीच ती करामत. पण गाडी पळायला लागली की त्या पंख्याची शिट्टी वाजे, बारीक आणि लांबलचक, लांबून कुणी बाईनं हाक मारावी तशी. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी ती काही क्षण चालूच राही आणि मग विरत जाई. आबासाहेबांच्या दारातली कुत्री तेवढा वेळ शेपूट घालून उभी असत.

चंद्रभाननं मोटारीची नाडी लवकर ओळखली. पंख्याचा दांडा तेलावर फिरतो, आणि पळून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर ते तेल जागच्या जागी करपतं. ड्रायव्हर लिंबाजीला त्यानं बजावून ठेवलं, "नांगराचा बैल सोडला की लगेच पाणी दावतो का? दम घेऊ देतो ना? हिलाबी तसाच दम घेऊ दे, मग किल्ली फिरव."

पंखा पहिल्यांदा खोलला तो अमावास्येला. अमावास्येला आपल्याकडे औत धरत नाहीत आणि जुने मिस्त्री इंजिन उघडत नाहीत. पण आबासाहेबांना घाई होती, आणि चंद्रभानला असल्या गोष्टींचं हसू येई. भर दुपारी शेडात एकटाच बसून त्यानं करपलेलं तेल रॉकेलनं धुऊन काढलं. नखाएवढी पाती. बोटानं टिचकी मारली तर पंखा फिरत राहिला, काहीही आवाज न करता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो दुपारी घरी जेवत होता, तेव्हा शिट्टी ऐकू आली. आबासाहेब आले असं वाटून तो हात न धुताच बाहेर गेला. रस्ता रिकामा. उन्हानं हवा थरथरत होती. पलीकडचा ऊस निमूट उभा होता, एक पान हलत नव्हतं, आणि शिट्टी त्या उसातून येत होती. तो बांधापर्यंत गेला. ती जवळ आली नाही. मागं फिरला तर लांबही गेली नाही. आता विरेल, मग विरेल म्हणून तो वाट बघत राहिला. गोदावरीवर अंघोळीला गेला तेव्हा त्यानं डोकं पाण्याखाली धरून बघितलं. तिथं तर ती जास्तच स्पष्ट होती.

चंद्रभान घाबरला. बायकोला सांगायची त्याची छाती झाली नाही. वच्छलाबाईच एकदा म्हणाली, "कवापासून हाका मारायले, वो देईना गेलाव. कुठं ध्यान हाय तुमचं?"

आपण नको त्या दिवशी पंखा उघडला आणि त्यातलं काहीतरी आपल्याला धरून बसलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमध्ये एसटी उभी होती आणि आबासाहेबांना परभणी गाठायची होती. लिंबाजी गाडी घेऊन शेडात आला. "मिस्त्री, पंख्याचा सूर फाटलाय बगा. खरखर करायलाय."

चंद्रभाननं पेचकस टेकवला, डोळे मिटले. शिट्टी बारीक, लांब, स्वच्छ.

"तुझ्या कानात मळ साचलाय," तो म्हणाला. "पाक हाय. जा बिनघोर."

गाडी निम्म्या वाटेवर निळा धूर ओकत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बैलं जुंपून ती ओढत आणली. आबासाहेब एवढंच बोलले, "मिस्त्री, तुमीच पाक हाय म्हणलाव ना?" त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चंद्रभाननं बोनेट उघडलं. इंजिन थंडगार होतं. त्यानं पंख्याला बोट लावलं, तो हलला नाही. तेल करपून दांडा जागीच धरला होता. शिट्टी मात्र चालू होती. त्यानं पेचकस त्या मेलेल्या पंख्याला टेकवून मूठ कानाला लावली. शिट्टी ठणठणीत. पेचकस काढला, तरी तीच. समोर लिंबाजीचे ओठ हलत होते. वर्षानुवर्षं धडधडत्या इंजिनांना लावलेला कान आता जायला निघाला होता, आणि जाता जाता हा एवढा आवाज आत ठेवून चालला होता. हे कळलं तेव्हा त्यानं बोनेट लावून टाकलं.

घरी त्यानं शिट्टीचं सांगितलं, कानाचं नाही.

"आवसंला खोलला व्हता ना पंखा? मग लागीरच हाय ते," वच्छलाबाई त्याच्यासमोर बसून म्हणाली. "उतारा टाकते."

जन्मभर असल्या प्रकारांची टिंगल केलेला हा माणूस तिन्हीसांजेला मुकाट्यानं पाटावर बसला. तिनं भाकरीचा तुकडा, लिंबू आणि गुलाल त्याच्यावरून ओवाळला. चंद्रभाननं हात जोडले होते. हे भूतच असू दे, असं तो अगदी मनापासून मागत होता. तिठ्यावर उतारा ठेवून, मागं न बघता ती परत आली, पाय धुतले आणि त्याच्याजवळ बसली. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं. गेलं का?

"गेलं," तो म्हणाला.

तिनं हात जोडून कपाळाला लावले आणि चुलीकडे वळून तवा ठेवला. आता तिची पाठ त्याच्याकडे होती. ती पुढं काही बोलली असेल तर ते त्याला कळलं नाही.