साडूभाऊंचे तीन ट्रे

या जगात एकही पत्र उत्तरावाचून पडून राहू नये, एवढ्या एकाच कामासाठी देवाने आमच्या मलकापूरच्या साडूंना जन्माला घातलं होतं, असं माझं पक्कं मत आहे. नोकरी, संसार, दोन वेळचं जेवण ही बाकीची कामं त्यांनी जाता जाता उरकली. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं जगभर समदुःखाचं असतं, पण आमच्या साडूंनी ते पत्रव्यवहाराचं करून टाकलं होतं. मी बुलडाण्याला शाळामास्तर आणि पत्रांच्या बाबतीत अट्टल आळशी. आलेलं पत्र वाचायचं, 'उद्या लिहू' म्हणायचं आणि दाराजवळच्या तारेला टोचून ठेवायचं, ही माझी पद्धत. तार भरली की मी दुसरी तार आणत असे. साडूंना ही गोष्ट समजली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी पत्रं नव्हे, माणसंच टोचून ठेवली आहेत.

ते एका जिनिंगच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कापसाच्या हंगामात भुवयांवर रुई घेऊन घरी येत, आणि माई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या आकडसासूबाई, त्यांना अंगणातच पदराने झटकून मग आत घेत. कचेरीत इंग्रजी टाइपरायटर होता आणि त्यावर साडूंची बोटं न पाहता धावत. पुढे राज्य मराठी झालं, सरकारी कागद मराठीतून येऊ लागले, तेव्हा साडूंनीही ठरवलं की आता घरचा कारभार मराठीतून आणि यंत्रावरच झाला पाहिजे. अकोल्याहून त्यांनी एक जुना मराठी टाइपरायटर पैदा केला आणि तो मांडीवर घेऊन रेल्वेने निघाले. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बुवा, कोन्या गावाले भजन आहे?" साडू म्हणाले, "ही पेटी नाही बाबा, यंत्र आहे." म्हातारा म्हणाला, "असू द्या ना. एखादा अभंग होऊन जाऊ द्या." तेव्हा साडूंनी झाकण काढलं, त्या हलत्या गाडीत म्हाताऱ्याचं पूर्ण नाव बापाच्या नावासकट टाइप केलं आणि कागद त्याच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याने तो पागोट्यात खोचला आणि नांदुऱ्याला उतरताना यंत्राला हात जोडले.

त्या यंत्राच्या शेजारी सागवानी लाकडाचे तीन उथळ ट्रे असत. कापसाच्या गाठींवर मार्का रंगवणाऱ्या माणसाकडून साडूंनी त्यांच्यावर काळ्या रंगात नावं घालून घेतली होती: 'आलं', 'पाहून राह्यलो' आणि 'गेलं'. आलेला कागद पहिल्यात पडे, हातात घेतला की मधल्यात जाई आणि उत्तर झालं की तिसऱ्यात. मधला ट्रे दिवेलागणीच्या आत रिकामा झालाच पाहिजे हा त्या घरातला कायदा होता. मधल्या ट्रेमध्ये कागद असेपर्यंत साडू जेवायला बसत नसत. "पोटात अन्न आन् ट्रेमधी कागद, हे दोन्ही एका टायमाले जमत नाही साडूभाऊ," असं ते मला सांगत. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असे आणि प्रत्येक पत्राची कार्बन लावून काढलेली नक्कल कपाटात राही. दूधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीचीसुद्धा. आणि माईंना ते 'विषय: वरणातील मिठाबाबत' अशी सुरुवात करून सूचना देत. त्यावर माईंनी स्वयंपाकघरातून तोंडी उत्तर दिलं होतं, "मीठ डब्यात आहे, हात तुमाले आहे." हेही साडूंनी टिपून ठेवलं.

दुसरा कायदा असा, की टपाल दिवसातून दोनदाच उघडायचं, एकदा आंघोळीनंतर आणि एकदा कचेरीतून आल्यावर. मधल्या वेळात ब्रह्मदेवाचा कागद आला तरी तो पहिल्या ट्रेमध्ये थांबेल. "टपालामागं पळालं त मानूस दिवसभर पळतच राह्यते," असं त्यांचं म्हणणं. एकदा सुटीच्या दिवशी सकाळी तार आली. घरातले सगळे भोवती जमले, पण साडूंनी ती शांतपणे ट्रेमध्ये ठेवली आणि खुर्चीची वेताची वीण दुरुस्त करत बसले. दुपारी आमच्या दोघांचे सासरे टांग्यातून उतरले, पाय धुऊन चहा प्यायले, पान खाल्लं. संध्याकाळची वेळ होताच साडूंनी तार फोडली, वाचली आणि समोर बसलेल्या सासऱ्यांना आदराने म्हणाले, "बाबा, तुमी आज दुपारच्या गाडीनं येऊन राह्यले." सासरे म्हणाले, "बरं झालं सांगतलं. नाही त मी घरीच राह्यलो असतो."

माझ्या दाराजवळच्या, पत्रं टोचलेल्या तारांचा निकाल लावायला ते एकदा बुलडाण्याला आले, यंत्रासकट. मी शाळेत गेलो तेवढ्यात त्यांनी दोन्ही तारा उतरवल्या आणि माझ्या वतीने उत्तरांचा सपाटा लावला. मी परतलो तोवर सगळं पोस्टात पडलं होतं. त्यात मेहकरच्या एका स्नेह्यांनी मुलाच्या मुंजीला बोलावल्याचं पत्र होतं. मुंजीला येता न आल्याबद्दल साडूंनी फार सुंदर शब्दांत दिलगिरी व्यक्त केली होती आणि बटूला आशीर्वाद दिले होते. तो बटू तेव्हा दोन लेकरांचा बाप होता. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, की आशीर्वाद पोहोचले, पुढच्या पिढीसाठी ठेवून घेतले आहेत. मी चिडलो. साडू म्हणाले, "पन पाहा, उत्तर आलं ना!" या माणसावर रागावणं मला कधी साधलं नाही.

मात्र त्यांच्या या यंत्राने एकदा घात केला, आणि तोही अशा माणसाच्या बाबतीत, की ज्याच्यापुढे साडू मान वर करून बोलत नसत. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादा. जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. दादा तिथे शेती करत, भाजीपाला काढत. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी स्वतःची शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं, टायपिंगच्या क्लासलासुद्धा त्यांनीच घातलं. साडूंनी मलकापूरला दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला दादांनी यावं, आधी त्यांचं पाऊल आत पडावं आणि मग आपलं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. त्यांनी पत्र पाठवलं. अर्थात यंत्रावर, फुलस्केप कागदावर, जावक क्रमांक घालून. 'विषय: घराबाबत.' खाली मजकूर होता की आपण समक्ष उपस्थित राहावे, निर्णय आठ दिवसांत कळवावा, न कळवल्यास आपली काही हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल.

आता आमच्या भागातल्या खेड्यात त्या काळी टाइप केलेला कागद कोणाकडून येई? तहसीलदाराकडून, नाहीतर वकिलाकडून. माणसाचं पत्र हाताने लिहिलेलं असतं आणि यंत्राचा कागद म्हणजे नोटीस, हे तिथलं लहान पोरही सांगेल. दादांना अक्षरओळख होती, पण एवढा कागद त्यांनी गावच्या एका जाणत्याकडून वाचून घेतला. त्या जाणत्याने 'घराबाबत' आणि 'हरकत' हे दोन शब्द ऐकवले आणि मान हलवली. दादा समजले की धाकट्याने गावच्या घराचा हिस्सा मागितला. उत्तर येईना, म्हणून साडूंनी नियमाप्रमाणे 'स्मरणपत्र' धाडलं. मग मात्र मलकापूरच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या एका गाववाल्याजवळ दादांचा निरोप आला. तो बिचारा अंगणात उभा राहून म्हणाला, "दादानं सांगतलं, घर पाह्यजे त घेऊन जाय म्हना. पन मले नोटिसा पाठवू नोको."

वास्तुशांतीच्या तयारीला मदत म्हणून मी त्या आठवड्यात मलकापुरातच होतो. तो निरोप ऐकून साडू खुर्चीत बसले ते बसलेच. संध्याकाळ झाली, मधल्या ट्रेमध्ये कागद तसेच पडले होते आणि ते जेवले नाहीत, पण या वेळी कारण कागदांचं नव्हतं. माई म्हणाल्या, "उठा ना, मोटरीत बसा आन् जाऊन पाय धरा त्याहिचे." साडूंनी मान हलवली. "कागदानं झालेली चूक कागदानंच दुरुस्त करा लागते. आन् दादाच्या मोहरं उभा राह्यलो त माह्या तोंडातून शब्दच नाही निघनार." आणि दादा आल्याशिवाय नव्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मग ते सवयीने यंत्राला कागद लावू लागले, तेव्हा माईंनी यंत्रावर झाकण घातलं आणि वर स्वतःचा हात ठेवला. "हातानं लिहा," त्या म्हणाल्या.

मी पोस्टकार्ड आणि टाक दौत पुढे केली. साडूंनी टाक उचलला आणि आम्हा तिघांच्याही लक्षात आलं, की या माणसाने कित्येक वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलंच नव्हतं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडू लागली. काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे. डोक्यात वाक्य तयार असायचं आणि बोटं कार्डावर यंत्राच्या कळा शोधत थांबायची. 'दादा, मी चुकलो. घर तुझंच आहे. तू ये,' एवढ्याच मजकुराने अख्खं कार्ड भरलं आणि ते पहिलीतल्या पोराच्या पाटीसारखं दिसत होतं. साडूंना त्याची इतकी लाज वाटली, की ते फाडून टाकतील म्हणून मीच ते घाईघाईने टपालात टाकून आलो. जावक क्रमांक नाही, नक्कल नाही, असं त्या घरातून गेलेलं ते पहिलं पत्र.

कार्ड मिळालं त्याच दिवशी दादा आले. आम्ही अंगणात बसलो होतो. फाटक उघडून धुळीने माखलेला एक उंच म्हातारा जवळजवळ पळतच आत शिरला. पायात एक वहाण होती, दुसरी मोटरस्टँडवर कुठेतरी राहिली होती. त्यांनी कोणाला रामराम केला नाही की काही विचारलं नाही. सरळ साडूंचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट वाकवून पाहिलं. "मूठ वळ," ते म्हणाले. साडूंनी मूठ वळली. "वर कर." वर केला. "दुखते का?"

"नाही दादा. काऊन?"

दादा मटकन खाली बसले. हात मात्र सोडला नाही. "तुहं अक्षर पाह्यलं ना," ते म्हणाले, "मले वाटलं तुह्या हाताले लकवा मारला बे. सारा रस्ता माह्या जिवात जीव नव्हता. केवढं चांगलं अक्षर होतं तुहं." आणि तो नांगर धरून हातांना घट्टे पडलेला माणूस धाय मोकलून रडला. साडूही रडले, माई रडल्या, आणि माझं त्या घरात तसं काही काम नसताना मीही रडलो. हिस्सा, नोटीस यांतला एक शब्दही कोणी काढला नाही. चहा आला तो दादांनी डाव्या हाताने घेतला, कारण उजव्या हातात अजून भावाचा हात होता. बऱ्याच वेळाने झाकलेल्या यंत्राकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हेच का ते नोटिसायचं मशीन?" साडू म्हणाले, "हो." दादा म्हणाले, "माह्यापासून दूर ठेव त्याले." दुसऱ्या दिवशी नव्या घरात आधी दादांचं पाऊल पडलं, एका पायात साडूंची वहाण घालून.

त्यानंतर साडूंचं यंत्र पूर्वीसारखंच खडखडत राहिलं, मलाही 'संदर्भ: आपले मौन' असे कागद येत राहिले. पण दर आठवड्याला एक पत्र ते हाताने लिहीत, दादांना. हळूहळू अक्षर वळणावर आलं. त्यांनी मला एकदा सांगितलं, की अक्षर आता चांगलं येतं, पण मधूनमधून मुद्दाम बिघडवतो. "का?" मी विचारलं. "दादा येते ना पाहाले," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. कपाटात दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळ्यांच्या नकला आहेत. दादांना लिहिलेल्या पत्रांची तेवढी एकही नाही.

दादा गेले ते उन्हाळ्यात, शेतातच, बोलता बोलता. सगळं आटोपून साडू मलकापूरला परतले तेव्हा पहिल्या ट्रेमध्ये दादांचं कार्ड येऊन पडलं होतं. वेड्यावाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या: 'आंबे उतरवले. तू कवा येतं?' साडूंनी ते हातात घेतलं, वाचलं आणि मधल्या ट्रेमध्ये ठेवलं.

मी पुढे अनेकदा मलकापूरला गेलो. दिवेलागणीला साडू सगळ्या कागदांचा निकाल लावत, यंत्रावर झाकण घालत आणि मग ते एक कार्ड उचलून ट्रेमधली धूळ पुसत. एकदा ते आपणहून म्हणाले, "याचं उत्तर द्याचं राह्यलं, साडूभाऊ." मग त्यांनी कार्ड परत जागेवर ठेवलं आणि आम्ही जेवायला बसलो.