जेवढं विचारलं तेवढंच

फर्निचरला पॉलिश मारणारा हा माणूस कधी खोटं बोलत नाही, अशी त्याची ख्याती होती. ती पसरवण्याचं काम बहुतेक त्यानेच केलं होतं. दुकानातले सोबती त्याला साक्षीदार म्हणायचे. कपाटाच्या दाराला भेग असली की तो लाख आणि भुसा भरून, वर पॉलिशचे दोन-तीन हात देऊन ती बेमालूम बुजवी. गिऱ्हाइकाने विचारलं, "लाकूड चांगलं आहे ना?" की म्हणे, "अस्सल सागवान." होतंच ते सागवान. भेगेचं कुणी विचारलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायची वेळ आली की राग, आळस, हावरेपणा सगळं त्याला आठवे. खोटं बोलल्याचं तेवढं आठवत नसे.

मग बायको अंथरुणाला खिळली. तिचं थोरल्या बहिणीशी वाकडं होतं. आईच्या आजारपणात ती बहिणीला नाही नाही ते बोलली होती, आणि चूक आपलीच हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून तिने चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावला नव्हता. आधी ताईची माफी, मग भाकर, असं तिचं म्हणणं. पाळकांनी समजावून पाहिलं, पण बाई हट्टाला पेटलेली.

तपासणीचा निकाल घ्यायला नवरा एकटाच निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"अहो, मी माझ्या पायांनी ताईच्या दारात जाणार आहे. चूक माझी, तिला इथे बोलावणं शोभत नाही. पण मी उठणारच नसेन, तर मला सरळ सांगा. मग तिला बोलावून घेऊ. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुमच्यावर सोडते."

डॉक्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि सांगितलं, आता हातात काही उरलं नाही, फार तर थोडे आठवडे. मग म्हणाले, दुखणं कमी व्हायला नव्या गोळ्या देतो, भूकही लागेल.

घरी आल्या आल्या तिने विचारलं, "काय म्हणाले?"

हिला सांगितलं तर हिचा चेहरा कसा होईल, आणि तो आपल्याला बघावा लागेल, एवढंच त्याला सुचलं.

"नव्या गोळ्या दिल्यात," तो म्हणाला. "म्हणाले, भूक लागेल."

शब्द न् शब्द खरा. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली आणि पायांना तेल चोळून मागितलं, चालायचं म्हणून. तो तेल चोळत बसला. देवा, मी काही खोटं बोललो नाही, असं मनात घोकत राहिला. देवाकडून होकार काही येईना. रोज ती विचारी, आणि रोज तो एखादं खरं वाक्य शोधून वेळ मारून नेई. आतून पुरता पोखरला गेला, पण सांगायला जीभ रेटेना.

एका सकाळी ती हाकेला ओ देईना. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठेच नाही. तो अनवाणीच मेहुणीकडे धावला.

थोरली आली, धाकटीच्या उशाशी बसली, तिचे गाल चाचपू लागली.

"भाऊजी, एवढं झालं तरी हिने मला बोलावलं नाही? इतका राग होता माझा?"

ती स्वतःच तुमच्या दारात येणार होती, हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. तेही खरंच होतं. थोरलीला बरं वाटलं असतं आणि हा सुटला असता. सुटका किती सहज सापडते, हे कळून तो मुळापासून हादरला. आजवर तो असाच सुटत आला होता.

"बोलावलं असतं, ताई," तो म्हणाला. "ती उठणार नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती रोज विचारायची. मी तिला फसवलं."

थोरलीने धाकटीचं पांघरूण सारखं केलं. तिने शिव्याशाप दिले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली. "मला तिच्याशी बोलायचंय."

तो जिन्यात जाऊन बसला. दाराआडून थोरलीचा आवाज येत होता. माझा राग कधीच गेला गं, ऐकतेस ना? ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, आणि आत कुणी उत्तर देत नव्हतं.