कोल्हा नंबर चार

वसई तालुक्यातल्या यच्चयावत माणसांना अरे-तुरे आणि कोल्ह्यांना मात्र अहो-जाहो करणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि नेमका तोच माझ्या मावशीच्या नशिबी आला.

काकांनी मुंबईत जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत जन्म काढला. ऐंशी सालाच्या आगेमागे निवृत्त होऊन आगाशीच्या वाडीत परतले, ते मोडीत निघालेला एक पितळी मायक्रोस्कोप काखोटीला मारून. निवृत्त माणसं पोथी वाचतात, पानवेली लावतात. काकांनी कोल्ह्यांच्या अंगावरच्या गोचिडी जमवायला घेतल्या. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत पिंजरा लावायचा, आत सुका बोंबील टांगायचा, आणि सकाळी कोल्हा अडकलेला दिसला की त्याच्या डोक्यावर गोणपाट टाकून चिमट्याने एकेक गोचीड काढायची, आधी कानामागून, मग काखेतून. पिंजरा उचलायला मी. नुकता बँकेत चिकटलो होतो, रविवार तेवढा माझा, तोही कोल्ह्यांनी खाल्ला. "जरा मान इकडे करता का? झालंच हं," असं काका कोल्ह्याला म्हणत आणि त्याच दमात मला, "गाढवा, नीट धर." काम आटोपलं की ते त्याच्या कानामागून एकदा बोटं फिरवत, दार उघडत आणि म्हणत, "साफ आहात. या आता." कोल्हा कधी वळूनही बघत नसे, याचं त्यांना जरा वाईट वाटे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर त्या वर्षी जूचंद्र गावातली कुत्री तापाने पटापट मरत होती. नाकातून रक्त यायचं, की चार दिवसांत कारभार आटोपला. गावाने कोल्ह्यांवर खापर फोडलं आणि बोंबलात विष घालून तिवरांत टाकायचं ठरवलं. काका आडवे आले. म्हणाले, "हा गोचिडीतल्या जंतूंचा ताप आहे. कोल्ह्यांत ते जंतू आहेत का, बघून सांगतो. होळीपर्यंत थांबा." काका डॉक्टर नव्हते, पण गाव त्यांना डाक्तर म्हणायचं, म्हणून थांबलं.

पहिल्या तीन कोल्ह्यांत काही निघालं नाही. काका खुशीत होते. चौथी एक फाटक्या कानाची कोल्हीण. तिच्या गोचिडी काकांनी नेहमीसारख्या काड्यापेटीत ठेवल्या आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोल्हा नं. ४'. आता आमच्या बागायती मुलखात फळीवरच्या काड्यापेटीत बी असतं, आणि घरी आलेल्या बाईला ते मागूनही घ्यावं लागत नाही. शेजारच्या वहिनी आल्या, मावशी विहिरीवर होती, त्यांनी पेटी उचलून नेली. रक्त पिऊन फुगलेली गोचीड हुबेहूब एरंडीच्या बीसारखी दिसते. वहिनींनी आळं करून ती पेरली, आठवडाभर पाणी घातलं आणि मग तक्रार घेऊन आल्या, "भाऊजी, तुमचा कोल्हा नंबर चार काय उगवला नाय."

"उगवला नाही हे गावाचं नशीब," काका म्हणाले.

मावशीला मात्र सुटल्यासारखं झालं. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "सांगून टाका ना, काही सापडलं नाही. खोटंही नाही ते." काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "तीच बघायची राहिली गं," एवढंच बोलले, आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिवरांत.

तीच कोल्हीण पुन्हा सापडली. बोंबलाची चटक. या खेपेला काकांनी गोचिडी काढल्याच, शिवाय तिच्या कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. घरी येऊन काच रंगवली, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग मला म्हणाले, "बघ." रक्तातल्या एका पेशीच्या पोटात जांभळी तुती असावी तसा ठिपक्यांचा घोस होता. जन्मभर धुंडाळलेली गोष्ट सापडली होती आणि माणूस रडायच्या बेताला आला होता.

जूचंद्रच्या देवळात गाव जमलं. म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं, "डाक्तर, कोल्यांत रोग हाय का नाय, येवडंच सांगा."

"आहे," काका म्हणाले. मी मनात म्हटलं, संपलं. पण काका पुढे बोलले, "तुमच्या कुत्र्यांतही तोच आहे. कोणी कोणाला दिला ते देवाला माहीत, नेणारी-आणणारी गोचीड आहे. पावसाळ्यापर्यंत मुदत द्या. गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गोचिडी मी काढतो. नंतर काय घालायचं ते घाला."

आणि खरंच काढायला लागले की! रोज आगाशीहून यायचे, कोणाच्याही अंगणात फतकल मारायचे, मांडीवर कुत्रा, शेजारी रॉकेलचा डबा. दोन आठवडे गाव हसलं. तिसऱ्या आठवड्यात एक बाई नवऱ्यावर कडाडली, "म्हातारा मानूस आपल्या अंगनात बसून आपला कुत्रा साफ करतो, बरं दिसतं का?" त्या लाजेने घरोघरी चिमटे निघाले. पावसाळा आला तोवर कुत्री मरायची थांबली होती. विषाचं नाव मग कोणी काढलं नाही.

पुढे काही वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, पाया पडायला वाकलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि बोटं सवयीने घसरत माझ्या कानामागे गेली. आधी उजव्या, मग डाव्या. नीट, सावकाश चाचपलं त्यांनी. मला जन्मभर गाढवा म्हणणारा तो माणूस माझ्याकडे बघून हसला.

"साफ आहात," म्हणाले. "या आता."