पत्रा थंड लागायला हवा

मुलीचा कंप्युटर आम्ही घरीच जोडला. आम्ही म्हणजे तिनेच. मी स्क्रू हातात देत होते. बेटेगावच्या आमच्या खोलीत पलंगावर चादर अंथरून ती दोन दिवस सुटे भाग जोडत बसली होती. ती आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकली आहे. बोईसरच्या एका वर्कशॉपने तिला सांगितलं होतं, घरी कंप्युटर असेल तर घरून काम देऊ. त्याआधी एक नमुना ड्रॉइंग रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर काम तिला, नाहीतर दुसऱ्या कोणाला.

रविवारी सकाळी तिने बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. तिने मोबाइलवर बघून रॅमची पट्टी काढली, पुन्हा बसवली आणि दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. ती ड्रॉइंगला बसली आणि पाचच मिनिटांत सगळं बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मग तिने आतली उष्णता दाखवणारा आकडा काढला. मी चौथी शिकलेली, पण आकडे मला येतात.

"शंभर? एवढा ताप! कपाळावर पट्टी ठेवू का त्याच्या?"

ती हसली नाही. तिने कंप्युटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला. तरी कंप्युटर बंद पडतच राहिला.

जेवणाच्या वेळी माझे धाकटे दीर आले. ते वीजकेंद्रात कंत्राटावर वायरमन आहेत, त्यामुळे घरातलं प्रत्येक यंत्र त्यांना विचारून घ्यायचं असतं.

"कोणी जोडला?"

"मी, काका."

"तरीच! मोबाइल बघून बिर्याणी होते गं, कंप्युटर नाय. बोर्ड जळला असणार. उद्या पालघरला दुकानात टाकतो."

"उद्या नको. आज सहापर्यंत द्यायचंय."

"मग सांग त्यांना, आमच्याकडून नाय होत म्हणून."

मुलीने मान खाली घातली आणि कूलर उघडायला घेतला. कूलर म्हणजे मुख्य चिपवर बसतो तो पंखा. त्याच्या पोटाला धातूचा जाड ठोकळा असतो. चिपची उष्णता ठोकळ्यात जावी म्हणून मध्ये राखाडी पेस्ट लावतात. ती कमी पडली असेल, असं तिला वाटलं. तिने ठोकळा मला पुसायला दिला. मी जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसला आणि सवयीने त्यावरून अंगठा फिरवला.

मी तारापूरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर पातळ पन्नी चिकटवलेली येते. पत्रा मशीनवर जाण्याआधी ती सोलणं हे माझं काम. डोळ्याला ती दिसत नाही, अंगठ्याला कळते. उघडा पत्रा थंड लागतो. हा ठोकळा थंड लागला नाही.

"पन्नी हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक की कोणी ऐकलंच नाही. दीर बोर्डाच्या किमतीवर बोलत होते. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नाही. आज मात्र आवाज चढवला.

"भावोजी, थांबा जरा. पन्नी हाय याला."

ते वाकून बघू लागले. "कुठं हाय? चकचकीत तर दिसतंय."

"पन्नीच चकचकते, भावोजी."

मी कोपऱ्यात नख घातलं आणि एका ओढीत ती सोलली. खालचं तांबं अंगठ्याला थंड लागलं.

मुलगी म्हणाली, "कडा उचललेली मी बघितली होती, आई. पण मीच बोटाने दाबून बसवली. आपल्याकडे कधी पन्नी काढतात का?"

खरंच होतं. आमच्या फ्रिजची पन्नी अजून दारावर आहे, मिक्सरची तशीच, टीव्हीच्या रिमोटचीही. दिवसभर कारखान्यात पन्न्या सोलायच्या आणि घरी कोणी सोलली तर मीच ओरडायचं, वस्तू नवी राहू दे म्हणून. मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. मग तीही हसली.

तिने चिपवर मटाराएवढी पेस्ट ठेवली, कूलर बसवला आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. चालू केल्यावर आकडा बेचाळीस. ड्रॉइंगचं काम सुरू झाल्यावर साठपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सहाला वीस मिनिटं असताना तिने ड्रॉइंग पाठवलं. दीर तोवर बसून होते. पन्नीचा तो तुकडा उजेडात धरून म्हणाले, "वहिनी, आमच्या कंत्राटदाराला तुमचं नाव सांगू का?"

बुधवारी वर्कशॉपमधून फोन आला. मी भाकरी थापत होते. तीन ड्रॉइंगं देतो म्हणाले, पण घरी जोडलेला कंप्युटर मध्येच बंद तर पडणार नाही ना?

"नाही सर, आईने तपासलाय."

आई काय करते, असं त्यांनी विचारलं असावं, कारण ती पुढे म्हणाली, "स्टीलमध्ये आहे." कोणाची आई बँकेत आहे असं सांगावं, तसं सांगितलं तिने.